सारोवचे सेराफिम आणि त्यांची लहानशी प्रार्थना

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. ह्या वर्षी ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी रशियातील एका साधूची निवड केली. त्यांचे नाव सेराफिम. सारोव येथील मठाच्या आश्रयाने त्यांनी आयुष्याची पन्नासाहून अधिक वर्षे काढली, म्हणून सारोवचे सेराफिम ह्या नावानेच ते ओळखले जातात. रशियातील ख्रिस्ती घरांत त्यांची तसबीर आजही दिसते. पाठीत वाकलेले, पांढऱ्या दाढीचे, हातात काठी घेतलेले असे ते म्हातारे गृहस्थ पाहिले की आपल्याच एखाद्या गावातील वडीलधारे बाबा आठवावेत.

इतक्या दूरच्या माणसाचे चरित्र आपल्याला कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या गुरुवारच्या बैठकीत एक प्रश्न वारंवार निघतो. जिच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, पदरी लहान मुले आहेत, शिवाय नोकरीही आहे आणि देवापुढे दोन मिनिटे स्थिर बसणेही जिच्या नशिबी नाही, त्या बाईने देवाची आठवण ठेवायची तरी कशी? भक्ती ही सवड असलेल्यांची चैन आहे, असेही एक भगिनी एकदा उद्वेगाने म्हणाल्या होत्या. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे मला म्हणवत नाही. पण ह्या प्रश्नाला सेराफिम ह्यांनी दिलेले उत्तर मला फार सोपे वाटले आणि ते त्यांनी आधी स्वतः आचरून पाहिले होते. म्हणून हे चरित्र.

त्यांचे मूळ नाव प्रोखोर मोश्निन. जन्म रशियातील कुर्स्क शहरी. जन्मवर्ष काही चरित्रकार १७५४ देतात, तर काही १७५९. वडील इसिडोर हे व्यापारी. त्यांच्या विटांच्या भट्ट्या होत्या आणि ते इमारतींची कंत्राटे घेत. कुर्स्कमध्ये एका मोठ्या चर्चचे बांधकाम त्यांनी अंगावर घेतले होते. ते अर्धवट असतानाच त्यांना मृत्यू आला. प्रोखोर त्या वेळी अगदी लहान होता. त्याची आई अगाफ्या हिने मात्र काम थांबू दिले नाही. अठराव्या शतकातील एक विधवा, तान्ह्या मुलांची आई, रोज बांधकामावर जाऊन गवंड्यांवर देखरेख करी. पतीने दिलेला शब्द तिने पुरा करीत आणला. प्रोखोर सात वर्षांचा असताना आईबरोबर ह्याच चर्चच्या उंच मनोऱ्यावर चढला आणि तेथून खाली पडला. आई धावत खाली आली, तो मूल आपल्या पायांवर उभे होते. पुढे दहाव्या वर्षी तो फार आजारी पडला. त्या सुमारास पवित्र मरियेच्या एका प्रसिद्ध चित्राची मिरवणूक शहरातून जात होती. पावसामुळे ती मोश्निनांच्या अंगणातून वळली. आईने आजारी मुलाला बाहेर आणून त्या चित्राचे दर्शन घडविले आणि तेव्हापासून त्याला उतार पडला, असे सांगतात.

मोठा भाऊ दुकान चालवी. प्रोखोरही तेथे बसू लागला, परंतु त्याचे मन व्यापारात नव्हते. घर सोडून संन्यास घेण्याचा विचार त्याने आईला सांगितला, तेव्हा आईने अडविले नाही. तिने त्याच्या गळ्यात एक तांब्याचा क्रूस घातला. हा क्रूस त्याने मरेपर्यंत अंगावरून उतरविला नाही. पुढे राजेरजवाडे भेटीस आले, तरी त्यांच्या छातीवर तोच साधा तांब्याचा क्रूस असे.

घर सोडल्यावर प्रोखोर पायी कीव्ह शहरी गेला. तेथे दोसिफेई नावाचे एक वृद्ध एकांतवासी राहत असत. हे दोसिफेई मुळात एक स्त्री होत्या आणि पुरुषवेषात राहून त्यांनी तपश्चर्या केली, अशी परंपरा रशियात सांगितली जाते. त्यांनी ह्या तरुणाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सारोवच्या मठात जा. दुसरी, एक लहानशी प्रार्थना सतत करीत राहा. बसता, चालता, खाता आणि काम करता ती सोडू नकोस.

ही प्रार्थना कोणती ते येथे सांगितले पाहिजे. पूर्वेकडील ख्रिस्ती लोक तिला येशूची प्रार्थना म्हणतात. ती इतकी लहान आहे की एका श्वासात संपते. प्रभू येशू ख्रिस्ताला देवाचा पुत्र म्हणून हाक मारायची आणि मज पाप्यावर दया कर एवढेच मागायचे. धन नको, यश नको, संकट टळो असेही नाही. मागणे फक्त दयेचे. तिचे मूळ बायबलातील दोन गोष्टींत सापडते. एका गोष्टीत एक जकातदार देवळात मागे उभा राहतो, वर पाहण्याचेही त्याला धैर्य होत नाही आणि तो छाती पिटून देवाकडे दया मागतो. दुसरीत रस्त्याकडेला बसलेला एक आंधळा भिकारी येशूला हाक मारून दयाच मागतो. लोक त्याला दटावतात, तरी तो हाक मारणे थांबवीत नाही. प्राचीन काळी इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी अशाच लहान प्रार्थना टोपल्या विणता विणता म्हणत. तेथून ही रीत ग्रीक मठांत आणि पुढे रशियात आली. लोकरीच्या दोऱ्याला गाठी मारून केलेली माळ ते लोक ह्यासाठी वापरतात. जपमाळ ओढणाऱ्या आपल्या आजीला ती पाहून नवल वाटले नसते.

१७७८ च्या नोव्हेंबरात प्रोखोर सारोवला पोचला. सारोव म्हणजे घनदाट पाइनच्या जंगलात, दोन नद्यांच्या संगमावर वसलेला मठ. नव्या माणसाला मठात आधी कामाला लावीत. प्रोखोरने तेथे भट्टीवर भाकरी भाजल्या, पूजेचे पाव केले, लाकूडकाम केले, चर्चमधील दिवाबत्ती पाहिली. सुतारकामात तो इतका तरबेज झाला की सर्वजण त्याला प्रोखोर सुतारच म्हणू लागले. रंधा चालविताना आणि कणीक मळताना ती प्रार्थना मनात चालू ठेवण्याची सवय त्याला येथेच लागली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांची प्रार्थना प्रथम भट्टीपाशी आणि सुतारशाळेत मुरली; अरण्यातील एकांत त्यांच्या वाट्याला आला तो पंधरा-सोळा वर्षांनी.

१७८६ साली त्यांना संन्यासदीक्षा मिळाली आणि सेराफिम हे नाव ठेवले गेले. १७९३ साली ते धर्मगुरू झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी मठाच्या परवानगीने ते जंगलात राहावयास गेले. मठापासून काही मैलांवर सारोवका नदीकाठी त्यांची लाकडी झोपडी होती. ते भाजीचा वाफा करीत, मधमाश्या पाळीत, सरपण फोडीत. काही काळ तर जंगलातील एका पाल्यावरच त्यांनी गुजराण केली. एक अस्वल त्यांच्या हातून भाकरी खाऊन जाई. हे पाहिलेल्या माणसांनी ते लिहून ठेवले आहे. ह्याच वनवासात एका मोठ्या खडकावर त्यांनी हजार रात्री प्रार्थनेत काढल्या. त्या जकातदाराचे दयेचे शब्द तेवढे ते म्हणत असत.

आता मी ज्या प्रसंगासाठी हे चरित्र लिहावयास घेतले, त्याकडे वळते. १८०४ च्या सप्टेंबरात सेराफिम जंगलात लाकडे तोडीत होते. तीन माणसे आली आणि पैसे मागू लागली. साधूला भेटावयास लोक येतात, तेव्हा त्याच्याजवळ पैसा असलाच पाहिजे, असा त्यांचा समज. सेराफिम ह्यांच्या हातात कुऱ्हाड होती आणि अंगात भरपूर बळ होते. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली, हात छातीशी जुळविले आणि काय करावयाचे ते करा असे सांगितले. त्या माणसांनी त्यांच्याच कुऱ्हाडीने त्यांना मारले, बांधून घातले, लाथांनी तुडविले. झोपडी उलटीपालटी केली. तेथे देवाचे चित्र आणि थोडे बटाटे ह्यांखेरीज काही मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी सेराफिम रक्ताने माखलेल्या स्थितीत कसेबसे मठात पोचले. डोके फुटले होते, बरगड्या मोडल्या होत्या. पाच महिने ते मठात पडून होते. पुढे ते चालू लागले, पण कंबर सरळ झाली नाही. तसबिरीत आपण जी वाकलेली पाठ पाहतो, ती ह्या माराची खूण आहे.

मारेकरी सापडले. ते जवळच्या एका जमीनदाराची कुळे होती. त्या काळच्या रशियात अशा गुन्ह्याला अत्यंत कडक शिक्षा होई. सेराफिम ह्यांनी त्यांना क्षमा करावी म्हणून मठाधिपतींना आणि जमीनदाराला विनविले, आणि शिक्षा केल्यास आपण सारोव सोडून कायमचे निघून जाऊ, असेही बजावले. त्यांची सुटका झाली.

माझ्या मते त्या लहान प्रार्थनेचा अर्थ येथे उलगडतो. जो माणूस वीस-पंचवीस वर्षे अहोरात्र दया मागत आला आहे, त्याच्या दारात दयेची गरज असलेला माणूस येऊन उभा राहिला, तर त्याला नाही म्हणणे त्याला जड जाते. ओठांवर एक आणि हातात दुसरे असे फार काळ चालत नाही. नुसते नाव पुटपुटण्याने काय होते, असे पुष्कळजण विचारतात. आपल्याकडे नामस्मरणाबद्दलही हीच शंका घेतात. सेराफिम स्वतः ह्या बाबतीत कडक होते. मन भलतीकडे ठेवून तोंडाने म्हटलेल्या प्रार्थनेला ते प्रार्थना मानीत नसत. प्रथम ओठांनी म्हणावी, मग लक्ष शब्दांवर ठेवावे आणि मग ती हळूहळू अंतःकरणात उतरते, अशी ह्या परंपरेची शिकवण आहे. ती उतरली की नाही हे पाहावयाचे असेल, तर आपल्याशी वाईट वागलेल्या माणसाशी आपण कसे वागलो ते पाहावे.

१८०७ पासून सुमारे तीन वर्षे त्यांनी मौन पाळले. १८१० मध्ये मठाच्या आज्ञेने ते जंगलातून परत आले आणि मठातील एका खोलीत दार लावून राहिले. हा एकांत पुष्कळ वर्षे चालला. हळूहळू दार किलकिले झाले आणि १८२५ च्या नोव्हेंबरात ते पूर्ण उघडले. त्यानंतरची सात वर्षे त्यांनी लोकांना दिली. दिवसाला शेकडो माणसे येत. शेतकरी, सरदार, सैनिक, विधवा, रोगी, सर्व एकाच दाराने आत येत. येणाऱ्या प्रत्येकाला ते माझा आनंद असे म्हणून हाक मारीत आणि येशूच्या पुनरुत्थानाचे जे अभिवादन ख्रिस्ती लोक ईस्टरच्या सणात करतात, ते अभिवादन ते बाराही महिने करीत. माणसाने आपल्या मनाची शांती कमवावी, मग त्याच्याभोवतीची कितीतरी माणसे आपोआप तरून जातात, अशी त्यांची शिकवण होती. घर चालविणाऱ्या बाईला ह्याचा प्रत्यय रोज येतो. तिचे मन थाऱ्यावर असले की सारे घर थाऱ्यावर असते.

ह्या येणाऱ्यांत प्रपंचातील माणसे बहुसंख्य. त्यांना मठातील तासन्‌तास चालणाऱ्या उपासना कशा जमाव्यात? त्यांच्यासाठी सेराफिम ह्यांनी एक छोटा नियम घालून दिला. तो असा. सकाळी उठल्यावर देवाच्या चित्रापुढे उभे राहून येशूने शिकविलेली प्रार्थना तीन वेळा, मरियेचे स्तवन तीन वेळा आणि ख्रिस्ती श्रद्धेची कबुली एकदा म्हणावी. ह्याला फार तर काही मिनिटे लागतात. मग आपल्या कामाला लागावे. घरी असो की वाटेवर, काम करताना येशूची ती लहान प्रार्थना हळू आवाजात म्हणत राहावी. भोवती माणसे असतील, तर मनातल्या मनात प्रभूकडे नुसती दया मागावी. दुपारच्या जेवणापूर्वी सकाळचा क्रम पुन्हा करावा. जेवणानंतर रात्रीपर्यंत काम करताना पवित्र मरियेला, मज पाप्याला तार, असे विनवीत राहावे. निजताना पुन्हा तोच सकाळचा क्रम करावा, अंगावर क्रूसाची खूण करावी आणि झोपी जावे. ज्याला उभे राहून एवढेही करण्यास वेळ नसेल, त्याने वाटेत, कामात, फार काय अंथरुणात पडूनही तो पुरा करावा, अशी सवलत त्यांनी देऊन ठेवली होती.

ह्या नियमात मला दिसलेली गोष्ट अशी की, त्यात कामातून वेळ काढा असे कोठेही सांगितलेले नाही. दिवसाला तीन खुंट्या ठोकून दिल्या आहेत आणि मधला सारा दोरा कामातच ओवलेला आहे. दळताकांडता विठ्ठलाला आळविणाऱ्या जनाबाई आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, त्यामुळे आपल्याला हे परके वाटू नये.

स्त्रियांच्या बाबतीत तर सेराफिम ह्यांनी ह्याहून पुष्कळ केले. सारोवपासून काही मैलांवर दिवेयेवो नावाचे खेडे आहे. अगाफ्या मेलगुनोवा नावाच्या एका श्रीमंत विधवेने आपले सर्व धन दान करून तेथे स्त्रियांचा एक छोटा आश्रम सुरू केला होता. १७८९ साली तिचा अंत जवळ आला, तेव्हा सारोवहून आलेल्या साधूंत तरुण सेराफिम होते. आपल्या माघारी ह्या मुलींची काळजी घ्या, अशी विनंती तिने केली. ती त्यांनी जन्मभर लक्षात ठेवली. त्या आश्रमात सारोवच्या पुरुषांचाच कडक नियम चाले. दिवसभर शेतात राबून आलेल्या मुलींना तो झेपत नसे. सेराफिम ह्यांनी तरुण मुलींसाठी वेगळी वस्ती वसविली आणि तिच्या पोटापाण्यासाठी वाऱ्यावर चालणारी दळणाची चक्की उभारून दिली. १८२७ साली ती फिरू लागली. प्रथम राहावयास खोल्याही नव्हत्या, म्हणून मुली चक्कीतच राहत. त्यांना लांबलचक उपासनेऐवजी त्यांनी वर सांगितलेला छोटा नियम दिला. चक्कीवर दळावे, बटाटे काढावेत, सरपण आणावे आणि तोंडी ती प्रार्थना असावी. मुलींनी पोटभर जेवावे, ह्याबद्दल मात्र ते फार दक्ष असत. उपाशी आणि थकलेल्या जीवाकडून देवाला काय हवे आहे, हे त्या वृद्ध माणसाने बरोबर ओळखले होते.

निकोलाय मोतोविलोव्ह नावाचा एक तरुण जमीनदार पायांच्या दुखण्याने जर्जर होऊन त्यांच्याकडे आला आणि १८३१ साली बरा होऊन गेला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, बर्फ पडत असताना, जंगलात बसून सेराफिम ह्यांनी त्याला जीवनाचे ध्येय समजावून सांगितले. दान करावयाचे, तर जवळ पैसा लागतो; देवळात जावयाचे, तर देऊळ जवळ लागते; परंतु प्रार्थना श्रीमंताला आणि गरिबाला, धडधाकटाला आणि रोग्याला सदैव हाताशी असते, असा त्यांच्या सांगण्याचा एक भाग होता. मोतोविलोव्ह ह्यांनी लिहून ठेवलेले हे टिपण त्यांच्या पत्नीने जपलेल्या जुन्या कागदांत सापडले आणि १९०३ साली प्रसिद्ध झाले. एका गृहिणीने रद्दी फेकून दिली असती, तर हा ठेवा जगाला मिळाला नसता.

जुन्या रशियन कालगणनेनुसार २ जानेवारी १८३३ च्या पहाटे मठवासीयांना त्यांच्या खोलीतून धुराचा वास आला. मेणबत्तीने काही वस्तू धुमसत होत्या. आत जाऊन पाहतात तो सेराफिम पवित्र मरियेच्या चित्रापुढे गुडघे टेकून, छातीवर हात जुळवून बसलेले. प्रार्थना करता करताच प्राण गेला होता. गळ्यात आईने दिलेला तांब्याचा क्रूस होता.

१९०३ साली रशियन चर्चने त्यांना संत म्हणून जाहीर केले. त्या सोहळ्यास झार दुसरे निकोलस सहकुटुंब हजर होते. पण पुढे काळ पालटला. क्रांतीनंतर १९२७ साली सारोवचा मठ आणि दिवेयेवोचा आश्रम दोन्ही बंद झाले. संन्यासिनींची पांगापांग झाली आणि संतांच्या अस्थी सरकारने नेल्या. १९४६ पासून सारोव येथे अणुबाँब बनविण्याचे गुप्त केंद्र उभे राहिले आणि गावाचे नावही नकाशावरून पुसले गेले. जेथे एका माणसाने हातची कुऱ्हाड खाली ठेवली, तेथेच हे घडावे, हा दैवाचा विलक्षण खेळ होय. तथापि १९९० च्या अखेरीस लेनिनग्राडमधील धर्म आणि नास्तिकवादाच्या संग्रहालयात त्या अस्थी सापडल्या. १९९१ साली त्या वाजतगाजत दिवेयेवोला, त्या चक्कीवाल्या मुलींच्या गावी, परत आल्या आणि आज तेथेच आहेत. आश्रमही पुन्हा गजबजला आहे.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. तरी सेराफिम ह्यांचा तो क्रम मी माझ्या कुलदेवतेचे नाव घेऊन काही महिने पाळून पाहिला. कुकरच्या शिट्ट्या मोजताना नाव सुटते, ते पुन्हा धरावे लागते. बसच्या रांगेत मात्र चांगले टिकते. मोठे अनुभव आले असे मी म्हणणार नाही. एवढे झाले की, कामवाली बाई न सांगता गैरहजर राहिली, त्या सकाळी भांडी घासताना माझ्या तोंडी दयेचे शब्द होते आणि दुसऱ्या दिवशी ती आली, तेव्हा तिच्यासाठी जपून ठेवलेले कडू बोल बाहेर पडले नाहीत. मी आधी तिच्या मुलाची प्रकृती विचारली. तो तापाने फणफणला होता.

ज्या भगिनींना बैठकीला येणे जमत नाही, त्यांनी आपण मागे पडलो असे मुळीच मानू नये. ज्यांचा जो देव असेल, त्याला एका श्वासात मावेल अशी एक हाक त्यांनी निवडावी. सकाळी, जेवणापूर्वी आणि निजताना ती नीट म्हणावी आणि मधल्या वेळी पोळ्या लाटताना, आजाऱ्याचे अंथरूण बदलताना, जिने चढता-उतरताना ती चालू ठेवावी. आणि दया मागितली असेल, तर ती संध्याकाळपर्यंत घरातील कोणाला तरी देऊनही टाकावी.